सूर्यास्त, वाळूवरची ड्राइव्ह आणि तारे एकाच संध्याकाळी: जमतं, पण मधला दीड तास सांभाळायचा

नंतर वाचणाऱ्यांसाठी, इथे एकाने विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात लिहिते. पाच जण आहेत, त्यात सात वर्षांचा मुलगा, ६६ वर्षांची आई जिला कंबरेचा जुना त्रास आहे, आणि बायकोला वळणाच्या रस्त्यावर हमखास गाडी लागते. वाळवंटात गाइडबरोबर संध्याकाळची ट्रिप घ्यायची आहे, दुपार कलल्यावर निघायचं, फोर बाय फोरमधून (चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी) वाळूच्या टेकड्या, वर सूर्यास्त, मग तारे बघून परत, सगळं मिळून चार तास. गाइड म्हणतोय पौर्णिमेला या, वाळू चांदीसारखी चमकते. तर जावं का, आईला न्यावं का आणि पौर्णिमा बरोबर आहे का.

मी या कामात चौदा वर्षं आहे. सुरुवातीला ताफ्यातली मागची गाडी चालवायचे, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी राहायचं आणि जो रुतेल त्याला काढायचं. आता मुख्यतः आकाश दाखवण्याचं काम माझ्याकडे असतं, पण वाळूतली ड्रायव्हिंग सुटलेली नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगते. काही गोष्टी मात्र जागेवर, ऋतूवर आणि तुमच्या आईच्या कंबरेवर अवलंबून आहेत, तिथे मी ठाम उत्तर देणार नाही.

तुम्ही विचारलंय की ट्रिप चांगली आहे का. मला वाटतं खरा प्रश्न वेगळा आहे. ही एक ट्रिप नाहीये, दोन आहेत, आणि दोघींच्या गरजा बरोबर उलट्या आहेत. वाळूवर गाडी चालवायला उजेड लागतो, तोही तिरपा. तारे बघायला पक्का अंधार लागतो, गाड्या बंद लागतात, धूळ बसलेली लागते आणि माणसं एका जागी शांत बसलेली लागतात. या दोघींच्या मध्ये साधारण सव्वा ते दीड तासाचा एक पट्टा असतो, ज्यात ना धड ड्रायव्हिंग करता येते ना धड तारे दिसतात. ज्या गाइडला या पट्ट्याचं काय करायचं ते कळतं त्याची ट्रिप चांगली, आणि ज्याला कळत नाही तो तो वेळ आणखी दोन-चार टेकड्यांवर गाडी उडवून भरून काढतो, आणि बहुतेक अपघात, निदान मी पाहिलेले, त्याच वेळेत झालेत.

आधी पौर्णिमेचं बोलू, कारण तारीख चुकली तर बाकी सगळं नीट होऊनही तारे मिळणार नाहीत. आपल्याकडे चांदणं म्हणजे चंद्राचा उजेड आणि चांदण्या म्हणजे तारे, दोन्ही शब्द इतके जवळचे की टिपूर चांदण्यात चांदण्याही जास्त दिसतील असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. होतं उलटं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि रात्रभर वर राहतो, आकाश धुवून निघतं, आकाशगंगेचा पट्टा नाहीसाच होतो. अंधाऱ्या जागी अमावास्येच्या आसपास एका वेळी नुसत्या डोळ्यांनी अडीच-तीन हजार तारे दिसू शकतात, पूर्ण चंद्र असेल तर काही शेच उरतात. वाळू चांदीसारखी चमकते हे खरं आहे आणि ते दृश्य सुंदरच असतं, त्या उजेडात टॉर्चशिवाय चालता येतं, स्वतःची सावली वाळूवर पडलेली दिसते. पण ती चांदण्यातली सहल झाली, तारे बघणं नाही. गाइड खोटं बोलत नसेल, पण तो तुम्हाला वेगळी गोष्ट देतोय.

तारखेसाठी साधा हिशोब सांगते. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे वद्य पंचमीच्या आसपास तो सूर्यास्तानंतर तीन-साडेतीन तासांनी किंवा त्याहून उशिरा येतो, तोवर तुमचं बघून झालेलं असतं. तिथपासून अमावास्येपर्यंत सगळ्या संध्याकाळी चालतील. अमावास्येनंतर शुद्ध तृतीयेपर्यंत पण चालतं, आणि माझ्या मते तर द्वितीया-तृतीया सगळ्यात छान, कारण पश्चिमेला बारीक कोर असते, तिच्या आत उरलेला अंधारा चंद्रही फिकट दिसतो (तो पृथ्वीवरून परावर्तित झालेला उजेड), आणि मग ती कोर स्वतःच लवकर मावळून आकाश रिकामं करून देते. मुलाला चंद्रही दाखवून होतो आणि तारेही. अष्टमीच्या पुढे शुद्ध पक्षात मात्र ताऱ्यांसाठी पैसे देऊ नका, त्या दिवसांत चंद्र मध्यरात्रीपर्यंत किंवा त्याहून जास्त वेळ वर असतो.

आता तो मधला पट्टा. सूर्य बुडाला की अंधार झाला असं नसतं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाईपर्यंत आकाशात त्याचा उजेड उरलेला असतो. विषुववृत्ताच्या जवळ याला सव्वा तासाच्या आत-बाहेर वेळ लागतो, २५-३० अंश अक्षांशावर, जिथे जगातली बरीचशी मोठी वाळवंटं आहेत, ८० ते ९० मिनिटं धरा. गोबीसारख्या आणखी उत्तरेकडच्या वाळवंटात उन्हाळ्यात दोन तासांच्या घरात जातं. म्हणून चार तासांच्या ट्रिपचं गणित स्वतः मांडून बघा. समजा दीड तास ड्राइव्ह आणि सूर्यास्त, पाऊण तास खाणंपिणं, अर्धा तास तारे, मग परत. कागदावर छान दिसतं, पण त्यातला ताऱ्यांचा अर्धा तास चक्क संधिप्रकाशात गेलाय. तेजस्वी वीस-पंचवीस तारे बघून माणसं परत येतात आणि म्हणतात आमच्या गच्चीवरून पण एवढेच दिसतात. म्हणून विचारायचं ते हे, की सूर्यास्तानंतर आपण एकाच जागी किती वेळ थांबणार. अडीच तासांहून कमी असेल तर मी तरी ती ताऱ्यांची ट्रिप धरणार नाही, सूर्यास्ताची धरेन. तीही वाईट नाही, फक्त काय घेतोय ते माहीत असावं.

आणि हा पट्टा रिकामा नसतो बरं का, लोकांना तो बघायला कोणी शिकवत नाही एवढंच. सूर्य क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम दोन-अडीच मिनिटं जातात, सगळे पश्चिमेकडे मोबाइल धरून उभे असतात आणि बुडाला की टाळ्या वाजवून गाडीकडे वळतात. मी त्या क्षणी सगळ्यांना पाठ फिरवायला सांगते. पूर्वेला क्षितिजालगत एक निळसर राखाडी पट्टा वर सरकायला लागलेला असतो आणि त्याच्या वर गुलाबी पट्टा. तो निळसर पट्टा म्हणजे आपल्या पृथ्वीची सावली, हवेवर पडलेली. शहरात इमारतींमुळे ती दिसत नाही, वाळवंटात क्षितिज मोकळं असल्यामुळे पंधरा-वीस मिनिटं अगदी स्वच्छ दिसते. एका आजींनी हे बघून मला विचारलं होतं की म्हणजे आपण सगळे आत्ता या सावलीत शिरतोय का? हो, अगदी बरोबर तेच. त्या आजी टेकडीवर चढल्याही नव्हत्या, खाली खुर्चीवर बसून होत्या, तरी त्या दिवशी सगळ्यात जास्त त्यांनीच बघितलं असं मला वाटतं.

ड्रायव्हिंगकडे येते. वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते. वाऱ्याकडची बाजू सौम्य असते, साधारण १० ते १५ अंशांची, आणि दाबली गेलेली, त्यातल्या त्यात घट्ट. वारा तिथून कण वर ढकलत नेतो आणि माथ्याच्या धारेवरून पलीकडे टाकतो, त्यामुळे पलीकडचा उतार ३२-३४ अंशांचा आणि एकदम भुसभुशीत असतो. त्याहून जास्त तो उभा राहूच शकत नाही, कोरडी वाळू घसरून परत त्याच कोनात येते. ड्रायव्हर सौम्य बाजूने चढतो, धारेशी येताना वेग तोडतो, पलीकडे काय आहे ते बघतो आणि मग नाक सरळ खाली ठेवून उतरतो. सरळ, हे महत्त्वाचं. त्या उतारावर गाडी आडवी गेली की खालच्या बाजूची चाकं रुततात आणि गाडी कलंडते. वेगाने धार ओलांडून गाडी हवेत उडवणं व्हिडिओत भारी दिसतं, पण पलीकडे उतार आहे की खड्डा आहे की तिथे दुसरी गाडी उभी आहे हे कुणालाच दिसत नसतं. म्हणूनच चांगले लोक गाडीला उंच काठीवर भडक झेंडा लावतात, टेकडीपलीकडून गाडीआधी झेंडा दिसावा म्हणून.

हे सगळं वाचायला ड्रायव्हरला सावल्या लागतात. सूर्यास्ताआधीचा दीड-दोन तास त्यासाठी उत्तम, ऊन तिरपं असतं, प्रत्येक धार चाकूसारखी उठून दिसते, वाऱ्याच्या बारीक लहरीसुद्धा दिसतात. भर दुपारी ऊन डोक्यावर असलं की सगळं सपाट दिसतं, आणि सूर्य बुडाल्यावर परत तेच होतं. उजेड भरपूर असतो, मोबाइलवर फोटोही येतात, पण सावल्या गेलेल्या असतात, त्यामुळे पुढची वाळू चढ आहे की पडता उतार हे डोळ्याला कळतच नाही. हेडलाइट लावून तर आणखी वाईट, उजेड धारेवर संपतो आणि पुढे नुसता काळोख.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी मागच्या गाडीत होते. अमावास्येच्या दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ, आकाश काचेसारखं. सूर्य बुडाला, फोटोंमध्ये वीस मिनिटं गेली, आणि पुढच्या ड्रायव्हरने ठरवलं की अजून दिसतंय, एक टेकडी घेऊन मग थांबू. मी रेडिओवर नको म्हटलं, पण जोर देऊन म्हटलं नाही. त्याला धार दिसलीच नाही, दिसली तेव्हा त्याने ब्रेक मारला, आणि गाडी बरोबर धारेवर पोटावर बसली, पुढची चाकं हवेत, मागची वाळूत गरगरतायत. आत चार माणसं, एक लहान मुलगी. सगळ्यांना एकेक करून चढाच्या बाजूने उतरवलं आणि मग आम्ही पोटाखालची वाळू काढायला लागलो. कोरडी वाळू काढणं म्हणजे काय ते करून बघितल्याशिवाय कळत नाही, एक फावडं काढलं की वरून तेवढीच परत येऊन बसते, ती आधी लांबवर खाली टाकावी लागते, मग हाताने चाकांच्या मागची कोरायची, मग फळ्या सरकवायच्या, मग मागून दोराने ओढायचं. दोन तास गेले. त्या दोन तासांत माझ्या गाडीचे हेडलाइट चालू होते, वर आकाशगंगा होती आणि एकालाही ती दिसली नाही, लोक थंडीने कुडकुडत होते, मुलगी आईच्या मांडीवर झोपून गेली. कुणाला लागलं नाही हे नशीब. तेव्हापासून माझ्या ट्रिपमध्ये सूर्य क्षितिजाला टेकायच्या आत गाड्या शेवटच्या जागी उभ्या आणि इंजिन बंद, मग कुणी कितीही म्हणो.

प्रवासी म्हणून तुम्हाला ड्रायव्हर कसा आहे हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखता येतं. वाळू सुरू व्हायच्या आधी तो थांबून टायरमधली हवा कमी करतो का बघा. रस्त्यावर ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असते ती वाळूत १५-१८ वर आणतात, त्याने टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. फार कमी केली, १० च्या खाली वगैरे, तर वळताना टायर रिममधून निघू शकतो. गाडीच्या वजनावर आणि टायरवर नेमका आकडा ठरतो, पण हवा न काढताच जो वाळूत शिरतो तो इंजिनच्या जोरावर चालवणार, म्हणजे तुम्हाला जास्त धक्के आणि रुतायची शक्यता जास्त. आणि परत पक्क्या रस्त्याला लागताना हवा भरायचीच, नाहीतर टायर तापतो, तेव्हा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. दुसरं म्हणजे किमान दोन गाड्या असाव्यात. एकटी गाडी वाळूत नेणाऱ्याबरोबर मी स्वतः जाणार नाही, मग तो कितीही अनुभवी असो. आणि दोराने ओढायची वेळ आलीच तर सगळ्यांना दोराच्या लांबीहून बरंच लांब उभं करतो का, आणि दोर चेसिसच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) हुकाला लावतो की ट्रेलर जोडायच्या गोळ्याला, हे बघा. तो गोळा तुटून गोळीसारखा उडतो, माणसं मेली आहेत त्याने. मुलाचा हात धरून तुम्ही लांबच राहा.

आता घरच्यांबद्दल. आईच्या कंबरेचं मी इथून सांगू शकत नाही, नस दबलेली आहे की नुसतं स्नायूंचं दुखणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तेव्हा तिच्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा की खालून बसणारे धक्के चालतील का. कारण टेकडीवरून उतरल्यावर तळाशी गाडी आपटते तेव्हा झटका सरळ मणक्यात जातो, सीटबेल्ट त्याला काही करत नाही. माझ्या ट्रिपमध्ये गरोदर बाई, मान-पाठीचा त्रास असलेली किंवा नुकतंच ऑपरेशन झालेली माणसं असतील तर त्यांना मी टेकड्यांवर नेतच नाही. पण म्हणून त्यांनी मुक्कामावर बसायचं असं नाही! बहुतेक वेळा टेकड्यांच्या मधल्या सपाट पट्टीतून सूर्यास्ताच्या जागेच्या पायथ्याशी जायला एक सावकाश वाट असते. दोन गाड्या असतील तर एकीने त्या वाटेने आईला न्यायचं आणि दुसरीने बाकीच्यांनी टेकड्या करायच्या, संध्याकाळी सगळे एकत्र. हे बुकिंगच्या वेळीच ठरवा, आयत्या वेळी गाइडला जमत नाही. आणि आईसाठी पाठ टेकता येईल अशी फोल्डिंग खुर्ची मागून घ्या, वाळूवर सतरंजी टाकून बसायला छान वाटतं पण कंबर दुखणाऱ्या माणसाला तिथून उठणं फार जड जातं, आणि वर बघत राहिलं की मान अवघडते ते वेगळंच.

गाडी लागण्याचं थोडक्यात: बायकोला पुढच्या सीटवर बसवा, पोट अगदी भरलेलं नको आणि अगदी रिकामंही नको, गोळी घेत असाल तर निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नसतो (कुठली ते डॉक्टरांना विचारून, काही गोळ्यांनी पुढे झोप येते आणि तारे राहून जातात). नजर लांबच्या धारेवर ठेवायची. मागे बसून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्यांना सगळ्यात आधी लागते. आणि ड्रायव्हरला आधीच सांगा, लाज वाटून घेऊ नका, त्याला वेग कमी ठेवणं सहज जमतं. मुलासाठी मात्र एकच अट, बेल्ट त्याच्या खांद्यावरून नीट जायला हवा, गळ्यावरून जात असेल तर बूस्टर सीट पाहिजे, आणि मांडीवर घेऊन टेकड्यांवर जायचं नाही म्हणजे नाही.

इथपर्यंत तारीख, वेळ आणि गाडी झाली. आता गाड्या थांबल्यानंतरचं, जे मला सगळ्यात जवळचं आहे.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, पूर्ण सरावायला आणखी थोडी, आणि एक पांढरा उजेड डोळ्यात गेला की परत पहिल्यापासून. मोबाइल तर लोक खिशात ठेवतात, सांगितलं की ऐकतात, पण त्रास देते ती गाडी. कुणीतरी जॅकेट घ्यायला दार उघडतं आणि आतला दिवा लागतो. कुणीतरी सवयीने रिमोटने गाडी लॉक करतं आणि चारही इंडिकेटर दोनदा चमकतात, तीस माणसांचे तीस मिनिटांचे डोळे गेले. म्हणून मी गाड्या थांबल्या की आधी आतले दिवे स्विचने बंद करते, किल्ल्या ड्रायव्हरकडून मागून घेते आणि सगळ्यांना जॅकेट, पाणी, औषध जे काय लागेल ते उजेड असतानाच बाहेर काढायला लावते. लाल दिवा चालतो, कारण अंधारात बघणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग जवळजवळ कळत नाही. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद दोन पदरी लावला तरी काम होतं.

जॅकेटचं हसण्यावारी नेऊ नका. हवा कोरडी आणि आकाश मोकळं असलं की जमिनीतली उष्णता भराभर वर निघून जाते, दिवस-रात्रीत १५-२० अंशांचा फरक वाळवंटात नेहमीचा. दुपारी घाम पुसत निघालेली माणसं आठ वाजता गाडीत बसू का विचारतात आणि मग तारे गाडीच्या काचेतून बघतात. टोपी, मोजे, आईसाठी शाल, मुलासाठी एक थर जास्त. आणि बंद बूट. वाळू अनवाणी चालायला मोह पाडते, पण अंधारात विंचू बाहेर पडतात. अतिनील टॉर्च मारला की विंचू हिरवट निळा चमकतो, मी जागा मांडायच्या आधी तसा एक फेरा मारून घेते, आणि मग परत जाताना मुलांना मुद्दाम दाखवते, लांबून. काढून ठेवलेले बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत.

दुर्बीण मोठी आहे का असं सगळे विचारतात. माझ्या मते ग्रुपसाठी मोठ्या टेलिस्कोपपेक्षा दोन साध्या १० बाय ५० (दहा पट मोठं दाखवणाऱ्या, ५० मिलिमीटर भिंगाच्या) बायनॉक्युलर जास्त कामाच्या, कारण टेलिस्कोपपुढे रांग लागते आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळतं. टेलिस्कोप असेल तर त्याच्या तिन्ही पायांखाली फळीचे तुकडे हवेत, नाहीतर पाय वाळूत हळूहळू खचतात आणि शनी तिसऱ्या माणसापर्यंत नजरेतून निघून गेलेला असतो.

दिसणार काय हे महिन्यावर आहे, आणि इथे फोटो बघून अपेक्षा ठरवू नका. जाहिरातीत टेकडीवर आकाशगंगेचा तो तेजस्वी फुगीर भाग असतो तो धनू राशीकडचा, उत्तर गोलार्धात संध्याकाळच्या वेळी तो साधारण जून ते सप्टेंबर दिसतो. पण उत्तरेकडच्या वाळवंटांत फिरण्यासारखे महिने थंडीचे! तेव्हा संध्याकाळी तो भाग क्षितिजाखाली असतो. दक्षिणेकडे, आफ्रिकेतलं नामिब किंवा ऑस्ट्रेलियातलं सिम्प्सन घ्या, तिथे थंडी जून ते ऑगस्टमध्ये येते आणि तो भाग नेमका तेव्हाच जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे तिकडचे फोटो बघून इकडे डिसेंबरमध्ये तसं शोधू नका. याचा अर्थ उत्तरेत हिवाळ्याची रात्र फिकी असते असा अजिबात नाही. पूर्वेला मृग चढत असतो, त्याच्या पोटातले तीन तारे, त्यांच्याखाली धुकट ठिपका दिसतो तो तेजोमेघ, तिथे आत्ता तारे जन्माला येतायत. वर रोहिणी, कृत्तिका, मागून व्याध. डोक्याच्या आसपास देवयानी हा तारकासमूह, आणि तिथे नजर किंचित बाजूला ठेवून पाहिलं (अंधुक गोष्ट सरळ बघितली की नाहीशी होते, बाजूने दिसते) तर एक लांबट पुसट डाग सापडतो. ती दुसरी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा वेगळा प्रचंड समूह, २५ लाख प्रकाशवर्षं लांब. नुसत्या डोळ्यांनी माणसाला दिसू शकणाऱ्या सगळ्यात लांबच्या गोष्टींपैकी एक, आणि ती सात वर्षांच्या मुलाला सापडते, मी पाहिलंय, मोठ्यांआधी सापडते. डिसेंबरच्या १३-१४ तारखेच्या आसपास मिथुन राशीतून उल्का पडतात, तिथी जुळत असेल तर ती तारीख सोडू नका.

ढग आणि धूळ मात्र कुणाच्या हातात नाही. दुपारी वारा असला तरी सूर्यास्तानंतर जमीन गार होते तसा तो बऱ्याचदा पडतो, धूळ खाली बसते, म्हणून साडेपाचला गढूळ आकाश बघून निराश होऊ नका. पण वाळूचं वादळ येऊन गेलेलं असेल तर दोन-तीन दिवस क्षितिज मातकट राहतं. नामिबसारख्या समुद्राजवळच्या वाळवंटात रात्री धुकं चढतं. तेव्हा तारीख बदलून देता का हे विचारूनच पैसे भरा.

आणि शेवटचं, जे मी कुठल्याही गाइडला सगळ्यात आधी विचारते: रात्री परत कुठून येणार? आलो त्याच टेकड्यांवरून असं उत्तर आलं तर नम्रपणे नको म्हणा. परतीची वाट खालच्या सपाट पट्टीतून, आधी दिवसा पाहिलेल्या चाकोरीवरून, सावकाश असायला हवी, आणि रात्री थांबायची जागा मुळात त्या वाटेच्या जवळ निवडलेली असायला हवी. हे उत्तर ज्याच्याकडे तयार असतं त्याने त्या मधल्या दीड तासाचाही विचार केलेला असतो असा माझा अनुभव आहे.

तुमच्या गाइडला पौर्णिमेच्या ऐवजी वद्य पंचमीनंतरची तारीख मागा, चार तासांचे साडेपाच करून मागा, आईसाठी खालची वाट आणि खुर्ची मागा. तो साडेपाच तासांना नाही म्हणाला तर ड्राइव्ह अर्ध्या तासाने कमी करायला सांगा, ताऱ्यांचा वेळ कमी करू देऊ नका. तुमचा महिना आणि साधारण कुठलं वाळवंट ते इथे लिहिलंत तर त्या संध्याकाळी कुठल्या वेळी कुठल्या दिशेला काय शोधायचं ते मुलाला हातात धरता येईल असं एका पानावर लिहून देते.